न उडालेला व्हाइसरॉय

भारताच्या शालेय नकाशावर मुंबई आणि कलकत्ता या दोन ठिपक्यांना लाकडी पट्टी टेकवून शिसपेन्सिलीने रेघ ओढली, तर ती रेघ वऱ्हाडाचा काळा मुलूख ओलांडून, हिंगणघाटाच्या खालच्या अंगाने चांदा जिल्ह्यात शिरते आणि चिमूरच्या ठिपक्याला जवळजवळ चाटून ब्रह्मपुरीकडे, तेथून वैनगंगेपलीकडच्या छत्तीसगडात निघून जाते. दुसरी रेघ नागपूर ते मद्रास अशी ओढावी. ती वरोरा आणि चिमूर यांच्या मधून दक्षिणेस उतरते, आणि या दोन्ही रेघा चिमूरच्या पश्चिमेस आठ-दहा कोसांच्या आत एकमेकींना छेदतात. लहानपणी मास्तरांची पट्टी त्यांच्या नकळत उचलून मी हा उद्योग केला होता, त्याबद्दल त्याच पट्टीचा प्रसादही मिळाला होता. परंतु ज्या गावाला आगगाडी नाही, ज्याला वरोऱ्याचे किंवा नागभीडचे स्टेशन गाठल्याखेरीज जगात प्रवेश नाही, त्या गावाच्या माथ्यावर आकाशातील दोन हमरस्त्यांची चौफुली आहे, या शोधाचा आनंद त्या प्रसादाने तिळमात्र कमी झाला नाही.

त्या रस्त्यांवरून कोण जात होते, याचा पुढे पुस्तकांतून मागोवा घेता घेता जे एक विमान मनात घर करून बसले, त्याचे नाव व्हायकाउंट. चार एंजिनांचे, लांबट गोल खिडक्यांचे, दिसायला नेटके असे हे ब्रिटिश बनावटीचे प्रवासी विमान दुसऱ्या महायुद्धानंतर घडले आणि युद्धोत्तर ब्रिटनने विकलेल्या मोठ्या प्रवासी विमानांत सर्वांत यशस्वी ठरले. सुमारे साडेचारशे नग निघाले. युरोपात, कॅनडात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही ते वापरात होते. मात्र त्याला कारखान्यात प्रथम दिलेले नाव व्हायकाउंट नव्हते. ते नाव होते व्हाइसरॉय, आणि ते का बदलावे लागले याच्या कारणांत चिमूरचाही एक लहानसा वाटा आहे, असे माझे मत आहे.

व्हाइसरॉय हा शब्द दिल्लीत दरबारी थाटाचा असेल, पण चिमुरात तो निराळ्या कारणाने ओळखीचा होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आधीच भारलेले हे गाव उठले. गोळीबार झाला, माणसे पडली, चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदारही मारले गेले, आणि काही काळ तेथे सरकारचा हुकूम चालेनासा झाला. मग फौज आली. फौजेने गावावर, आणि विशेषतः गावातील स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांची चौकशी व्हावी म्हणून आचार्य भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. आष्टी आणि चिमूर येथील ज्यांना फाशीची शिक्षा झाली होती त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी अविश्रांत धडपड केली, दयेचे अर्ज थेट व्हाइसरॉयच्या दप्तरापर्यंत गेले, आणि उरलेल्यांची फाशी अखेर १९४५ साली टळली. ज्या गावात घरोघरी एका सहीची वाट पाहिली गेली, त्या गावाला व्हाइसरॉय म्हणजे कोण हे शिकविण्याची गरज नव्हती.

आता योगायोग असा, की भन्साळींचे ते उपोषण चालू असतानाच, २३ डिसेंबर १९४२ रोजी, लंडनमध्ये एक समिती नेमली गेली. लॉर्ड ब्रॅबझन हे तिचे अध्यक्ष. युद्ध ऐन भरात, शहरांवर बाँब पडत आहेत, धान्य शिधापत्रिकेवर मिळते आहे, आणि या मंडळींपुढे प्रश्न कोणता, तर युद्ध संपल्यावर प्रवाशांनी कोणत्या विमानांतून प्रवास करावा! वरवर पाहता हा प्रश्न बादशाही चैनीचा वाटेल, परंतु त्यामागे हिशेब होता. युद्धकाळात ब्रिटनने आपली सारी शक्ती लढाऊ आणि बाँबफेकी विमानांत घातली होती व वाहतुकीची विमाने अमेरिकेकडून घेतली होती; तेव्हा तोफा थंडावल्या की अमेरिकेजवळ तयार डाकोटा, स्कायमास्टर आणि कॉन्स्टेलेशन असतील आणि आपल्याजवळ केवळ बाँब टाकणारी यंत्रे, ही भीती साधार होती. समितीने निरनिराळ्या अंतरांच्या आणि निरनिराळ्या आकारांच्या प्रवासी विमानांची एक यादी तयार करून दिली. त्या यादीतील आठ एंजिनांचा एक अवाढव्य प्रकार अध्यक्षांच्याच नावाने, ब्रॅबझन म्हणून, ब्रिस्टल येथे बांधला गेला. २३० फूट पसरलेल्या पंखांच्या त्या धुडाला पुरेशी धावपट्टी मिळावी म्हणून चार्लटन नावाचे एक खेडेच उठविण्यात आले. विमान १९४९ साली उडाले, कोणीही विकत घेतले नाही, आणि १९५३ मध्ये ते मोडीत निघाले. ताडोब्याच्या जंगलातून गावे उठलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या अज्ञात चार्लटनकरांविषयी वाटणारी आपुलकी मी वेगळी सांगायला नको. निदान ताडोब्यात वाघ तरी राहतो.

यादीच्या मधल्या रकान्यात एक साधीशी मागणी होती: युरोपातील जवळच्या शहरांमध्ये वीस-तीस प्रवासी नेणारे, आतली हवा दाबयुक्त ठेवून उंचावरून उडणारे विमान. या मागणीचेही दोन पोटभेद केले गेले. एकात नेहमीची दट्ट्याची एंजिने बसवायची. दुसऱ्यात, तोपर्यंत कोणत्याही प्रवासी विमानाने न वापरलेले असे टर्बाइनने पंखा फिरविणारे एंजिन. हा दुसरा पोटभेद विकर्स कंपनीच्या वेब्रिज येथील कारखान्याकडे आला.

विकर्सजवळ त्या वेळी प्रवासी विमान म्हणावे असे एकच होते, आणि तेही उधारीच्या अवयवांचे. वेलिंग्टन या बाँबफेकी विमानाचे पंख घ्यावेत, त्यांमध्ये एक नवे जाडसर धड बसवावे, धडात खुर्च्या मांडाव्यात, अशा काटकसरीने व्हायकिंग हे विमान सिद्ध झाले व २२ जून १९४५ रोजी, म्हणजे युरोपातील युद्ध थांबून दीड महिना होतो न होतो तोच, ते उडाले. पहिल्या व्हायकिंगांचे पंख वेलिंग्टनप्रमाणेच आत धातूच्या पट्ट्यांची टोपलीसारखी वीण आणि वरून कापड, असे होते. बुरूडकाम ज्याने पाहिले आहे त्याला ही रचना एका नजरेत कळेल: एक कामटी तुटली तरी टोपली तुटत नाही, आणि म्हणूनच गोळ्यांनी चाळण झालेली वेलिंग्टन विमाने घरी परत येत. पण टोपलीत हवा कोंडून ठेवता येत नाही. वीस हजार फुटांवर जायचे तर विमानाचे धड घागरीसारखे गोल आणि सांधेबंद हवे, कारण तेथे बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस तिच्यावर फार वेळ शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून रेक्स पिअर्सन आणि त्यांच्यामागून मुख्य आराखडाकार झालेले जॉर्ज एडवर्ड्स यांनी व्हायकिंगची उसनवारी सोडून नव्या विमानाचे धड वर्तुळाकार काटाचे केले, दारे आणि खिडक्या लंबवर्तुळाकार ठेवल्या. त्या खिडक्या इतक्या ऐसपैस होत्या की पुढे वर्षानुवर्षे प्रवाशांनी या विमानाची आठवण खिडक्यांवरूनच काढली.

एंजिनाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगितली पाहिजे, कारण या विमानाचे सारे भाग्य त्याच्या एंजिनातच साठविलेले होते.

आपल्या झाडीपट्टीत धान पिकते, आणि धान म्हटले की घरात दोन वस्तू आल्याच: उखळात कांडायचे मुसळ आणि दळायचे जाते. मुसळ वर जाते, थांबते, खाली येते, आदळते, पुन्हा थांबते. प्रत्येक वेळी त्याची दिशा उलटी करावी लागते, आणि त्या प्रत्येक उलटण्यात कांडणाऱ्या बाईच्या खांद्याला धक्का बसतो व घराची भुई हादरते. जाते एकाच दिशेने फिरत राहते, त्याची घरघर असते पण हादरा नसतो. डाकोटाच्या प्रत्येक एंजिनात चौदा सिलिंडर होते, म्हणजे चौदा मुसळे सात-सातांच्या दोन वर्तुळांत मांडून मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या वेगाने कांडत होती. व्हायकिंगच्या हर्क्युलीस एंजिनातही तितकीच. त्यांचा थरथराट पंखांतून धडात, धडातून खुर्चीत आणि खुर्चीतून प्रवाशाच्या दातांत उतरे. टर्बाइनचे एंजिन म्हणजे जाते. समोरून हवा आत ओढायची, फिरत्या चक्राने ती दाबून घट्ट करायची, त्या दाबलेल्या हवेत तेल अखंड जळत ठेवायचे, आणि फुगून मागे धावणाऱ्या त्या तप्त वायूच्या झोताने पात्यांची दुसरी चाके फिरवायची. तीच चाके एका दांड्यावरून पुढचे दाबचक्रही फिरवितात आणि उरलेल्या जोरावर दातेरी चाकांच्या मार्फत विमानाचा पंखाही. रोल्स-रॉइस कंपनीच्या डार्ट या एंजिनात दांडा मिनिटाला चौदा हजारांहून अधिक फेरे घेई. इतक्या वेगाने पंखा फिरविला तर तो हवेत निरुपयोगी ठरेल, म्हणून दातेरी चाकांनी तो वेग सुमारे एक-दशांशावर आणला जाई. शिवाय जळणासाठी महागडे, चटकन भडकणारे विमानी पेट्रोल लागत नसे. आपल्या कंदिलात जळते त्या रॉकेलच्या जातीचे तेल त्याला पुरे.

असे असता कोणीही म्हणेल, मग अडचण कोणती? अडचण ही की आरंभीचे डार्ट अपेक्षेपेक्षा जड झाले आणि जोर अपेक्षेपेक्षा कमी देऊ लागले. आर्मस्ट्राँग सिडली कंपनीचे माम्बा नावाचे दुसरे एंजिन अधिक सडपातळ, अधिक आधुनिक रचनेचे होते, आणि कागदावर तेच सरस दिसत होते. एडवर्ड्स यांचा कौल मात्र डार्टकडे पडला. डार्टची दाबचक्रे जुन्या लढाऊ एंजिनांतल्या अनुभवी रचनेची, जाडजूड पण खात्रीची होती. आणि प्रवाशांचे विमान चालविणाऱ्याला चमकदार जावयापेक्षा कष्टाळू जावई बरा, हे त्यांनी ओळखले असावे. एका लँकेस्टर विमानाच्या नाकाडावर डार्ट बसवून १९४७ साली ते हवेत तपासले गेले, आणि हळूहळू त्याचा जोर वाढू लागला.

नेमक्या याच वर्षी या विमानावर दोन प्रसंग गुदरले. पहिला प्रसंग नावाचा. ऑगस्टच्या मध्यरात्री हिंदुस्थान स्वतंत्र झाला, व्हाइसरॉयची गादी कायमची बरखास्त झाली, आणि जे पदच जगात उरले नाही त्याचे नाव नव्या मालाला देऊन तो माल जगाच्या बाजारात कसा न्यावा, हा पेच विकर्सपुढे पडला. एका अक्षराचाही खेद जाहीर न करता कंपनीने नाव बदलले: व्हाइसरॉयचा व्हायकाउंट झाला. इंग्रजी मानमरातबांची उतरंड ज्यांना पाठ आहे त्यांच्यासाठी यात एक गंमत दडली आहे. शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन हे त्या वेळी स्वतः व्हायकाउंट या पदवीचे धनी होते. म्हणजे साहेबांचा हुद्दा गेला, पण त्यांची सरदारकी विमानाच्या कपाळी राहिली. नाव बदलण्यामागे हा विचार होता असे मी म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की वेब्रिजच्या एका कारखान्यातील पाटी पुसायला लागली, ती पुसणारे हात चिमूर, आष्टी, बलिया, सातारा अशा गावांचेही होते. इतिहासाच्या जमाखर्चात अशा बारीक रकमा कोणी धरीत नाही, म्हणून येथे नोंदविली.

दुसरा प्रसंग पोटावर आला. ज्या ब्रिटिश युरोपियन एअरवेजसाठी हे विमान मुळात आखले होते, तिने १९४७ च्या डिसेंबरात यादीतल्या पहिल्या पोटभेदाला, म्हणजे दट्ट्याची एंजिने असलेल्या एअरस्पीड कंपनीच्या विमानाला पसंती देऊन त्याची वीस विमाने मागविली. त्या प्रतिस्पर्ध्याचे नाव होते अँबॅसडर. गादी गमावलेल्या व्हाइसरॉयला राजदूताने पहिल्याच दरबारात मागे टाकावे, हे दैवाचे थोडे अतीच झाले. गिऱ्हाईक नाही, एंजिन अजून पुरते वयात आलेले नाही, आणि हातात अर्धवट बांधलेली नमुन्याची विमाने: अशा वेळी हिशेबनीस मंडळी काम बंद करण्याचा सल्ला देतात आणि तो सल्ला बहुधा बरोबरही असतो.

काम बंद झाले नाही. १६ जुलै १९४८ रोजी विस्ली येथील गवताच्या मैदानावरून मट समर्स या वैमानिकाने पहिले व्हायकाउंट उडविले. हे तेच समर्स, ज्यांनी १९३६ साली पहिले स्पिटफायर उडविले होते आणि १९४५ साली पहिले व्हायकिंगही. बत्तीस प्रवाशांचे ते पहिले विमान लहान होते, इतके लहान की त्याचा चालविण्याचा खर्च भाड्यातून निघणे कठीण. पण जो कोणी त्यात बसला तो उतरताना निराळाच माणूस होऊन उतरला. थरथर नाही, कानठळ्या नाहीत, आणि ढगांच्या वरून जात असल्यामुळे गचके थोडे. समोरच्या मेजावर नाणे कडेवर उभे करून ठेवावे आणि ते पडू नये, असा खेळ प्रवासी खेळू लागले. जाहिरात खात्याने लाख रुपये खर्चून जे साधले नसते ते त्या एका नाण्याने साधले.

इकडे डार्टचा जोर इतका वाढला की तेच धड लांबवून अधिक खुर्च्या बसविणे शक्य झाले. जे एंजिन प्रथम दुबळे म्हणून हिणवले गेले त्यानेच विमानाला वाढीचा वाव दिला. २९ जुलै १९५० रोजी, लहान नमुन्याच्याच विमानाने, लंडनच्या नॉर्थोल्टहून पॅरिसच्या ल बुर्जेपर्यंत भाडे भरलेले चौदा प्रवासी आणि बारा पाहुणे नेले. टर्बाइनच्या बळावर तिकीट काढून माणसे नेण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. त्याच सुमारास लांब केलेले विमान सिद्ध झाले, पाठ फिरविलेल्या ब्रिटिश युरोपियन एअरवेजने आता त्याचीच मागणी नोंदविली, आणि १८ एप्रिल १९५३ पासून लंडनहून रोम, अथेन्समार्गे सायप्रसपर्यंत त्याची नियमित ये-जा सुरू झाली. पुढे अमेरिकेच्या कॅपिटल एअरलाइन्सने साठ विमाने मागवली, तेव्हा डाकोटांच्या माहेरघरी जाऊन इंग्रजांनी ओटी भरून घेतल्यासारखे झाले.

या सर्व काळात आपल्या आकाशात काय चालले होते? आपल्याकडे डाकोटाचे राज्य होते. युद्ध संपताच अमेरिकन फौजेने टाकून दिलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि ज्याच्याजवळ चार पैसे व चार वैमानिक होते त्याने विमान कंपनी काढली. दाबयुक्त हवा नसल्यामुळे ही विमाने आठ-दहा हजार फुटांवरूनच जात, म्हणजे बरोबर पावसाळी ढगांच्या पोटातून. सातपुड्यावरचे गचके खाऊन नागपुरास उतरलेला प्रवासी पाच मिनिटे कोणाशी बोलत नसे. टाटांच्या एअर इंडियाने आणि आणखी एक-दोन कंपन्यांनी व्हायकिंग आणली, पण भारताचे खरे ओझे डाकोटानेच वाहिले.

आणि त्या ओझ्याचा सर्वांत नवलाईचा भाग आमच्या नागपुरात रोज मध्यरात्री उतरत असे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी तिचा हट्ट धरला होता, जे. आर. डी. टाटा यांचे म्हणणे असे की हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि दोघांमध्ये यावरून चांगलीच वाजली. योजना ऐकायला पोरखेळासारखी सोपी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघावे, चारही विमाने देशाच्या मध्यभागी सोनेगावच्या विमानतळावर यावीत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हावी, आणि उजाडताना प्रत्येक विमानाने आपापल्या घरी पोचावे. चार मोहल्ल्यांतल्या चार बाया एका विहिरीवर येऊन एकमेकींचे निरोप घेऊन परताव्यात तसे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेला आणि दुसऱ्यात फौजेने वापरलेला तो सोनेगावचा तळ दिवसा पेंगत असे व रात्री बारानंतर जागा होई. दिव्यांच्या ओळी, घामेजलेले हमाल, लाखेची मोहोर ठोकलेल्या थैल्या, झोपेतून उठून चहाचा कप हाती धरलेले परशहरचे प्रवासी. चांद्याच्या जंगलातून घुंगुरकाठी वाजवीत टपालाचा हरकारा चालत असे, ती पिढी अजून हयात असताना चिमूरच्या पेटीत टाकलेले पत्र मोटारीने आणि रेल्वेने नागपूर गाठून मध्यरात्रीच्या विमानाने पहाटे मद्रासेस पोचू शके. पत्र चिमूरहून नागपुरास जायला नागपूरहून मद्रासेपेक्षा अधिक वेळ लागे, ही गोष्ट वेगळी. ती बऱ्याच अंशी आजही तशीच आहे.

या सेवेची किंमतही पडली. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटेच्या अंधारात मद्रासेकडे निघालेले डाकोटा सोनेगावहून उडताच बिघाड होऊन कोसळले. कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री यांच्यासह तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. ते विमान पोचते, तर पंधरा-वीस मिनिटांत चिमूरच्या पश्चिमेच्या त्या रेघेवरून गेले असते.

तोवर कंपन्यांचा बाजार आवरण्याची वेळ आलेलीच होती. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५० साली सरकारने चौकशी समिती नेमली, तिने कंपन्या फार आणि प्रवासी थोडे हे स्पष्टपणे दाखवून दिले, आणि अखेर १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत विमानवाहतूक इंडियन एअरलाइन्स या सरकारी महामंडळाच्या हवाली झाली. आठ कंपन्यांकडून जो सरंजाम रुजू झाला त्यात ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग आणि ३ स्कायमास्टर होते. म्हणजे नव्या संसाराला सगळी भांडी जुन्या बाजारातली.

नवे काय घ्यावे? त्या वेळी जगाचे डोळे कॉमेट या जेट विमानाकडे लागलेले होते. ब्रॅबझन समितीच्याच यादीतले हे दुसरे अपत्य व्हायकाउंटपेक्षा वेगवान, देखणे आणि कितीतरी अधिक गाजलेले. पण २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून उडालेले एक कॉमेट सहाच मिनिटांत कालवैशाखीच्या वादळात सापडून तुकडे होऊन पडले व त्रेचाळीस माणसे गेली. वादळाला दोष देऊन तो विषय मिटला; पुढच्या वर्षी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर, वादळ नसताना, तशीच फुटली तेव्हा मात्र कोणाला वादळाआड लपता येईना. फार्नबरो येथे एका कॉमेटचे अख्खे धड पाण्याच्या हौदात बुडवून, आतला दाब पुन्हा पुन्हा चढवून उतरवून पाहिला गेला, आणि धातू थकतो, चौकटींच्या कोपऱ्यांशी ताण साचून तेथे तडा पडतो आणि एके दिवशी सारे धड फुग्यासारखे फुटते, हे उघड झाले. तार वारंवार वाकवली की तुटते हे प्रत्येक लोहाराला ठाऊक असते. जगातल्या विद्वान यंत्रज्ञांना ते इतक्या प्राणांच्या मोलाने पुन्हा शिकावे लागले.

व्हायकाउंट या वादळातून निभावले. ते कॉमेटइतके उंच जात नसे, इतक्या घाईतही नसे, आणि त्याच्या त्या लंबवर्तुळाकार खिडक्यांना कोपरेच नव्हते. भारताच्या हवाई दलाने राष्ट्रपती, पंतप्रधान अशा मान्यवरांसाठी दोन व्हायकाउंट घेतली. ज्या विमानावर व्हाइसरॉय ही अक्षरे रंगविली जायची होती, त्याच्या खिडकीशी आता नऊ वर्षांचा तुरुंगवास भोगलेले पंडित नेहरू बसू लागले. इंडियन एअरलाइन्सने आपली व्हायकाउंट १९५७ साली मोठ्या शहरांना जोडणाऱ्या मुख्य मार्गांवर आणली, आणि पावसाळ्यात ढगांच्या पोटातून जाणारा हिंदी प्रवासी प्रथमच ढगांच्या पाठीवरून जाऊ लागला. ज्याने डाकोटाने श्रावणात प्रवास केला आहे, त्याला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

जेट विमाने आली तेव्हा व्हायकाउंट मागे पडले, जसे सर्वच मागे पडते. सत्तरीच्या आरंभी भारतातून त्याची रजा झाली. रात्रीची टपाल सेवा १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली आणि मग सोनेगावची मध्यरात्र पुन्हा नागपुरातल्या इतर मध्यरात्रींसारखी झाली.

यातले काहीही चिमुरात त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडत, मोहाच्या फुलांचा वास आलेला असे, आणि कधी अपरात्री पश्चिमेच्या अंगाला एक लाल ठिपका लुकलुकत दक्षिणेकडे सरके, त्याच्यामागून थोड्या वेळाने घरघर येई. आमची आजी जागीच असे. झाडीपट्टीच्या बोलीत विमानाला इमान म्हणतात. ती कूस बदलून कोणाला तरी हाक मारी, "मद्रासचं इमान गेलं गा, उठा आता, भारा बांधायचा हाये." डाकोटा, स्कायमास्टर की आणखी कोणते, हा भेद तिच्या खिजगणतीत नव्हता; त्या विमानाचा तिला उपयोग एवढाच, की आमच्या घरात घड्याळ नव्हते.